दुबार ओळ

पस्तीस वर्षं प्रुफं वाचली की डोळ्यांना खोड लागते. लग्नपत्रिका हातात आली की नवरा-नवरीच्या नावांआधी मला ‘आशिर्वाद’मधला ऱ्हस्व शि दिसतो. हॉटेलात मेनूकार्डावरच्या ‘थालिपीठ’ला मनातल्या मनात दीर्घ ली देऊनच मी ते मागवते. घरचे हसतात. पण याच खोडीपायी गेल्या नाताळाच्या आधी माझी जी फजिती झाली, ती मी अजून घरी सांगितलेली नाही.

मुलांसाठी नाताळची एक पुस्तिका निघायची होती. तिच्या एका पानावर ‘देवदूत’ या अर्थाचे वीसेक भाषांतले शब्द एकाखाली एक रोमन लिपीत दिलेले होते. डचमध्ये एंगेल, फिनिशमध्ये एंकेली, लिथुआनियनमध्ये आंगेलास, असं खाली खाली जात एका ठिकाणी माझी पेन्सिल थांबली. एस्टोनियन: आय-एन-जी-ई-एल. त्याच्या लगेच खाली पश्चिम फ्रिशियन: आय-एन-जी-ई-एल. अक्षर न् अक्षर तेच. मजकूर जुळवताना वरची ओळ खाली पुन्हा पडणं हा छपाईतला फार जुना रोग. मी दुसऱ्या शब्दाभोवती गोल काढला, समासात ‘दुबार? तपासा’ लिहिलं आणि पुढच्या पानावर गेले.

दुसऱ्या दिवशी तिथल्या संपादक मुलाचा फोन आला. “ताई, ते दोन्ही बरोबर आहेत.”

“अरे, एक ओळ दोनदा पडलीय.”

“नाही ताई, मी दोन शब्दकोश बघितले. दोन्हीकडे इंगेलच आहे.”

फोन ठेवला आणि मी खरं तर तो विषय संपवायला हवा होता. पण दोन माणसांनी वेगवेगळ्या गावांत बसून एकच चूक केली तर परीक्षक म्हणतो ‘कॉपी’. मग कोणी कोणाची केली, हे बघायलाच हवं होतं.

एस्टोनिया बाल्टिक समुद्राच्या काठावर, फिनलंडच्या समोर. लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शहरापेक्षाही कमी. फ्रीसलंड हा नेदरलँड्सच्या उत्तरेचा एक प्रांत, गाईंचा, कालव्यांचा आणि समुद्रापासून बांध घालून राखलेल्या सपाट जमिनीचा. दोघांच्या मध्ये हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. भाषांचं म्हणाल तर नातं शून्य. एस्टोनियन ही फिनिशची सख्खी बहीण, हंगेरियनची दूरची आत्तेबहीण. फ्रिशियन जर्मानिक कुळातली, इंग्रजीच्या सगळ्यात जवळची. एवढी की ‘लोणी, पाव, हिरवं चीज’ या अर्थाचा एक फ्रिशियन यमक इंग्रजांनाही जवळजवळ जसाच्या तसा कळतो. कुळाच्या हिशेबानं पाहिलं तर फ्रिशियनला ‘ताई’ म्हणायचा हक्क एस्टोनियनपेक्षा आपल्या मराठीला जास्त. मराठी निदान त्याच इंडो-युरोपीय वाड्यातल्या मागच्या खोलीत राहते. एस्टोनियन त्या वाड्यातलीच नाही.

शब्द दोघींचाही उसना, हे मात्र खरं. मूळ ग्रीक ‘आंगेलोस’, म्हणजे निरोप्या. ग्रीक लोक तो लिहिताना दोन ग लागोपाठ लिहितात आणि पहिल्याचा उच्चार ङ करतात. ग्रीकातून लॅटिनमध्ये ‘आंगेलुस’. लॅटिनच्या हातून तो उत्तरेकडच्या जर्मानिक लोकांकडे गेला. तिथं मधल्या ए-चा आधी इ झाला, त्या इकारानं मागच्या अ-ला आपल्याकडे ओढून घेतलं आणि आं-चा एं झाला. म्हणून जर्मन एंगेल, डच एंगेल, जुन्या इंग्रजीतही एंगेलच. एस्टोनियाच्या शहरांवर तेराव्या शतकापासून जर्मन बोलणाऱ्या व्यापाऱ्यांचं आणि धर्मगुरूंचं राज्य होतं. त्यांची बोली लो जर्मन, म्हणजे उत्तरेकडच्या सखल भागातली जर्मन. एस्टोनियनमध्ये शाळेला ‘कोल’ आणि डॉक्टरला ‘आर्स्ट’ म्हणतात, ते शब्द तिथूनच आले. देवदूतही त्यांच्याबरोबरच आला, पण येताना तो ‘एंगेल’ होता. फ्रिशियनमध्येही आधी एंगेलच.

म्हणजे कॉपी झालेली नव्हती. दोघींना एकाच मास्तरांनी तोच शब्द सांगितला होता, आणि दोघींनी तो घरी नेऊन, एकमेकींना न विचारता, एकाच जागी बदलला होता. ए-चा इ.

इथं मला आमचे आजोबा आठवले. रेल्वेतून निवृत्त झालेले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात धुतलेलं धोतर, टोपी, छत्री घेऊन ते बँकेत जायचे. कशाला? ‘पिन्शन’ आणायला. मी शाळेत असताना त्यांना सुधारायचे: पिन्शन नाही आजोबा, पेन्शन. ते म्हणायचे, “तू म्हण पेन्शन. मला पिन्शनच मिळतं.” पण ज्या ‘इंजिना’वर त्यांनी उभा जन्म काढला, त्या शब्दाला मी कधी हात लावला नाही, कारण तो शब्दकोशात छापलेला होता. इंग्रजीत तो ‘एंजिन’ आहे. एंजिनिअरचा आपण इंजिनिअर केला आणि त्याला मुलगी द्यायला रांगा लावल्या. एंजिनचं इंजिन होणं आणि पेन्शनचं पिन्शन होणं ही एकच गोष्ट. एकाला आम्ही प्रुफात पास केलं, दुसऱ्याला गावंढळ म्हटलं.

यामागचं कारण नाकात आहे. न, म, ङ म्हणताना हवा नाकातून जाते. नाकातला तो घुमारा आधीच्या स्वरात मिसळतो आणि तो स्वर ए आहे की इ, याची रेघ पुसट होते. त्यातून पुढे ङ असेल तर जीभ आधीच वर, टाळूकडे निघालेली असते. जाता जाता ती ए-ला उचलून इ-च्या जागी नेऊन ठेवते. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे लोक ‘पेन’ आणि ‘पिन’ एकसारखेच म्हणतात, ते याचमुळे. म्हणून तिथं लिहायचा पेन मागताना ‘शाईचा’ असं वर सांगावं लागतं.

एकदा हे कळल्यावर मी वही काढून चक्क दोन रकाने आखले. डावीकडे फ्रिशियन. डच ‘डेंकेन’ म्हणजे विचार करणं, फ्रिशियनमध्ये ‘टिंके’. डच ‘ब्रेंगेन’ म्हणजे आणणं, फ्रिशियनमध्ये ‘ब्रिंगे’. डच ‘मेन्स’ म्हणजे माणूस, फ्रिशियनमध्ये ‘मिन्स्के’. लांबीला डच ‘लेंग्टे’ तर फ्रिशियन ‘लिंग्टे’. उजवीकडे एस्टोनियन, तुलनेला फिनिश. फिनिश ‘पेंक्की’ म्हणजे बाक, एस्टोनियन ‘पिंक’. फिनिश ‘केंक्या’ म्हणजे बूट, एस्टोनियनमध्ये त्याचा झाला ‘किंग’. राजाला पायात घालणारी ही एकमेव भाषा असावी. आणि फिनिश ‘हेंकी’ म्हणजे श्वास, प्राण, आत्मा. एस्टोनियनमध्ये ‘हिंग’. आत्म्याला हिंग म्हणतात हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन डबी बघून आले. आपल्याकडे ज्याला कुणी हिंग लावून विचारत नाही, त्याच्याकडे एस्टोनियनच्या हिशेबानं निदान आत्मा तरी असतो.

इंग्रजीनंही हेच केलं, पण लपवून. इंग्लंड लिहिताना रोमन ई (E) आणि बोलताना इ. स्पेलिंग जुनं राहिलं, जीभ पुढे गेली. आपण मराठीत ‘इंग्लंड’ लिहितो तेव्हा त्यांच्यापेक्षा प्रामाणिक असतो. पंखाला इंग्रजीत ‘विंग’ म्हणतात, तो शब्दही मधल्या काळात ‘वेंग’सारखा होता. म्हणजे देवदूताच्या पंखातही हाच बदल झालेला आहे. खुद्द देवदूताचा शब्द मात्र इंग्रजांनी पुढे फ्रेंचांकडून नवा घेतला आणि घरचा जुना ‘एंगेल’ टाकून दिला. टाकला नसता तर आज तीन ओळी सारख्या आल्या असत्या आणि मी तिन्हींना गोल काढला असता.

उच्चारात तसे हे दोन इंगेल पूर्ण सारखे नाहीत, हे नंतर कळलं. एस्टोनियन माणूस ग स्पष्ट म्हणतो: इं-गेल. फ्रिशियन माणूस ग गिळतो, नुसता ङ ठेवतो. तो उच्चार देवनागरीत ‘इङल’ असा लिहावा लागेल. पहिलीत आपण क ख ग घ ङ घोकतो आणि मग तो ङ जन्मात फक्त ‘वाङ्मय’ लिहिताना बाहेर काढतो. त्याला असं एकट्यानं उभं राहायची संधी मिळाली याचा मला उगीचच आनंद झाला.

फ्रिशियनमध्ये इंग्लंडला ‘इंगेलान’ म्हणतात आणि इंग्रजीला ‘इंगेल्स्क’. एस्टोनियनमध्ये इंग्लंड म्हणजे ‘इंग्लिस्मा’, ‘मा’ म्हणजे भूमी. इंग्रजी भाषा ‘इंग्लिसे केल’. देवदूताची भाषा म्हणायचं असेल तर ‘इंग्ली केल’. एक ‘से’ काय तो मध्ये. इंगेल आणि इंगेलान, इंग्ली आणि इंग्लिसे: दोन्ही भाषांत इंग्लंड हे देवदूतांच्या शेजारच्या घरात राहतं, आणि दोन्हीकडे तो निव्वळ योगायोग. इंग्लंडला नाव देणारे अँगल लोक ज्या भागातून आले तो आता जर्मनीच्या उत्तरेला आहे. त्याचं नाव तिथल्या किनाऱ्याच्या गळासारख्या वाकणावरून पडलं असावं असं मानतात. तो ‘वाकडा’ अर्थाचा धातू म्हणजे आपल्या ‘अंकुशा’चा भाऊ. डचमध्ये ‘आंगेल’ म्हणजे मधमाशीची नांगी आणि ‘एंगेल’ म्हणजे देवदूत. एका स्वराचा फरक. तिथल्या मुद्रितशोधकांची मला काळजी वाटते.

या योगायोगावर पहिली कोटी केली ती पोप ग्रेगरीनं. इंग्रज साधू बीड यानं आपला इतिहास 731 साली पुरा केला, त्यात ही गोष्ट आहे. रोमच्या बाजारात गोरी, देखणी मुलं गुलाम म्हणून विकायला आणलेली. ग्रेगरीनं विचारलं, हे कोण लोक? ‘आंग्ली,’ कोणी तरी म्हणालं. योग्यच आहे, तो म्हणाला, चेहरे देवदूतांचेच आहेत. तो एवढ्यावर थांबला नाही. त्यांच्या प्रांताच्या आणि राजाच्या नावावरूनही त्यानं एकेक कोटी केली. बाजारात विकायला उभ्या केलेल्या मुलांपुढे लागोपाठ तीन कोट्या करणारा माणूस संत कसा, असा प्रश्न मला पडतो. पण पुढे पोप झाल्यावर त्यानं धर्मोपदेशक पाठवले आणि 597 साली ते इंग्लंडातल्या केंटमध्ये उतरले, हेही तितकंच खरं.

शंभरेक वर्षांनी त्याच इंग्लंडातून माणसं निघाली ती फ्रिशियन लोकांना देवदूत शिकवायला. विलिब्रॉर्ड 690 साली आला. नंतर बोनिफेस, ज्याला 754 साली दोक्कुमजवळ फ्रिशियनांनी ठार केलं. म्हणजे फ्रीसलंडात इंगेल पोचवायला जे झटले त्यांत इंगेल्समन पुढे होते. या काळातली फ्रिशियनांच्या राजा राडबॉडची आख्यायिका मला फार आवडते. तो बाप्तिस्म्याला तयार झाला, एक पाय पाण्यात ठेवला आणि विचारलं, “माझे पूर्वज आत्ता कुठे आहेत?” नरकात, असं उत्तर मिळालं. त्यानं पाय काढून घेतला. मूठभर अनोळखी लोकांबरोबर स्वर्गात राहण्यापेक्षा मी माझ्या माणसांत राहीन, अशा अर्थाचं काहीसं तो म्हणाला. आमच्या आजोबांनीही पाय काढला असता. पिन्शन तिथं मिळतं का, एवढं विचारून.

शब्द मिळाला तरी फ्रिशियनांना संपूर्ण बायबल आपल्या भाषेत मिळायला 1943 साल उजाडलं. तोवर चर्चमध्ये डच. एस्टोनियनमध्ये ते 1739 सालीच छापून झालं होतं. आज एस्टोनिया युरोपातल्या सगळ्यात कमी धार्मिक देशांपैकी एक. 2021च्या जनगणनेत मोठ्यांपैकी साधारण 29 टक्के लोकांनीच आपला धर्म सांगितला. देव मागे पडला तरी दूत भाषेत राहून गेला.

तो व्याकरणात कसा वागतो, हे बघताना मी खुर्चीतून उठलेच. ‘इंगेल’ला प्रत्यय लागायचा तर आधी त्याचं ‘इंग्ली’ होतं, मधला ए गळतो. मग ‘इंग्लिगा’ म्हणजे देवदूताबरोबर, ‘इंग्लिता’ म्हणजे देवदूताविना, ‘इंग्लिनी’ म्हणजे देवदूतापर्यंत. हे आपलं सामान्यरूप! माणूस, पण माणसाला. कापूस, पण कापसाचा. तिथंही प्रत्ययाआधी शब्द असाच अंग चोरतो. परदेशातल्या नातवंडांना ‘माणूसला’ का चुकतं हे समजावताना माझ्या नाकी नऊ येतात. त्यांना आता एस्टोनियनकडे पाठवावं.

आणखी एक गंमत. उसना शब्द घेताना जर्मानिकांनी, एस्टोनियनांनी त्याचा आवाज घेतला, ‘निरोप्या’ हा अर्थ मागेच राहिला. एस्टोनियनमध्ये साध्या निरोप्याला ‘क्यास्कयाल्ग’ म्हणतात, शब्दशः हुकमाचा पाय. एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी पोचणारा नुसता पाय. आपल्याकडे उलट झालं. बायबल मराठीत आणताना आवाज सोडला आणि अर्थ उचलला: देवदूत. त्यासाठी दूत आपल्याकडे तयारच होता. ऋग्वेदात ‘अग्निं दूतं वृणीमहे’ म्हणून अग्नीला निरोप्या नेमलाय, मारुती रामदूत आहे, आणि यमानंही आपले दूत ठेवलेत. फारसीतून आलेला ‘फरिश्ता’ही मुळात ‘पाठवलेला’च, आपल्या ‘प्रेषिता’चा मावसभाऊ. गोव्यात मात्र पोर्तुगीज ‘आंजो’चा कोंकणीत ‘आंज’ झाला, तिथं आवाज टिकला. वर्तमानपत्रात जखमीला रिक्षातून दवाखान्यात पोचवणारा प्रत्येक जण ‘देवदूत बनून धावून येतो’, तेव्हा मात्र मला ‘आंज’च बरा वाटतो. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा तपासलंय याची मोजदाद नाही.

देवदूतातला ‘दूत’ एस्टोनियनांकडे नसला तरी ‘देव’ आहे. आकाशाला आणि स्वर्गाला त्यांचा शब्द ‘ताएवास’. भाषातज्ज्ञ तो ‘देव’च्याच मुळाशी नेऊन जोडतात. फार पूर्वी शेजारच्या बाल्टिक किंवा इराणी-आर्य लोकांकडून घेतलेला. तसाच हातोड्याला ‘वासार’, तो आपल्या वज्राचा भाऊ, आणि शंभराला ‘सादा’, तो शत. घरोबा आहे, फक्त सोयरीक नाही.

आता पुलाचं सांगते. एस्टोनियात तार्तू नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथं टोमे टेकडीवर एक लाकडी पूल आहे, एकोणिसाव्या शतकातला. नाव ‘इंग्लिसिल्ड’, देवदूताचा पूल. टेकडीवरची बाग इंग्लिश पद्धतीची, म्हणून तो मुळात ‘इंग्लिश पूल’ असावा आणि बोलता बोलता ‘इंग्लिसे’मधला ‘से’ पडून देवदूत झाला असावा, असं सांगतात. म्हणजे दोन भाषांतला जो योगायोग मी वहीत मांडत बसले होते, त्यावरून तिथं माणसं दीड-दोन शतकं चालतायत. पुण्यात लकडी पुलात लाकूड नाही म्हणून कुठं कोणी अडतं? या पुलावर 1802 साली पुन्हा सुरू झालेल्या विद्यापीठाच्या पहिल्या रेक्टरचा, म्हणजे कुलगुरू पॅरटचा, चेहरा कोरलाय आणि लॅटिनमध्ये लिहिलंय की विश्रांतीनं शक्ती परत येते. जवळच दुसरा पूल आहे, 1913चा, त्याचं नाव सैतानाचा पूल. एकदा देवदूताचा पूल झाला म्हटल्यावर सैतानाला जागा द्यावीच लागणार.

संपादक मुलाला मी दुसऱ्या दिवशी प्रूफ परत पाठवलं. काढलेल्या गोलाखाली ठिपके दिले आणि समासात ‘राहू द्या’ लिहिलं. चुकून खोडलेलं परत घ्यायची आमची ती खूण. त्याच बैठकीत आणखी एका पुस्तकाची प्रुफं टेबलावर होती, कोणा शेतकऱ्याच्या आठवणींची. त्यात बापाला ‘पिन्शन’ मिळत होतं. त्याच्याखालीही मी ठिपके देऊन टाकले.

तार्तूला मी गेलेली नाही, जाणं होईल असंही नाही. पण त्या पुलाचा रिवाज वाचून ठेवलाय. पहिल्यांदा पार करताना मनात इच्छा धरायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत श्वास रोखायचा. त्यांच्या भाषेत सांगायचं तर हिंग.